पडद्यावरचा पांढुरका डाग

ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे बीडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात ते न पाळलेला एक विद्यार्थी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये डॉ. मायर-श्विकेराथ यांच्या पाहण्यात आला. त्याच्या डोळ्याचा पडदा एका जागी भाजला होता. डॉक्टरांच्या मनात आलं, असंच मोजून भाजलं तर फाटलेला पडदा चिकटेल का? १९४९ मध्ये त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडला. पण ढग आला की उपचार थांबायचा. सूर्याची मात्रा कोण ठरवणार?

पुढे झेनॉनचा दिवा आला, १९६० मध्ये रूबी लेझर, १९६८ च्या सुमारास आर्गॉन. आता शक्ती, वेळ आणि ठिपक्याचा आकार बटणावर आले. शुगरमुळे बिघडणाऱ्या पडद्यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. लेझरमुळे गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्ये समोर आलं.

तरी बटणावरचा आकडा म्हणजे पडद्याला मिळालेली मात्रा नव्हे. मोतीबिंदू असेल तर प्रकाश वाटेतच अडतो. पडद्यामागचं रंगद्रव्य जास्त असेल तिथं तीच शक्ती जास्त भाजते. म्हणून डॉक्टर कमी शक्तीपासून सुरू करतात आणि डाग किती पांढुरका होतो ते बघत वाढवतात. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर रक्तस्राव. मोजमापाचं यंत्र म्हणजे डॉक्टरांची नजर, आणि डाग दिसतो तो भाजून झाल्यावरच. म्हणूनच जर्मनीतल्या ल्युबेक शहरातले संशोधक तापणाऱ्या पडद्यातून उठणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरींवरून तापमान मोजू लागले.

पण मात्रेला तारखाही असतात. पडद्यावर हजारभर ठिपके द्यायचे, तर ते बहुधा दोन-तीन बैठकांत विभागतात. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं कॉलेज बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईत आहे. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परततात. पहिली बैठक झालेला मजूर कोयता घेऊन गेला, तर अर्धी मात्रा बाकीच राहते. शुगर मात्र फडातही सोबत असते, आणि हा आजार दुखत नाही, म्हणून परत यायची आठवणही करून देत नाही. तेव्हा पहिल्या ठिपक्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: टोळी कधी निघणार?