बोट मोठी, बिछाने किती?

लांबच्या जत्रेला निघताना गाडी केवढी आहे एवढंच पाहून आपण चढत नाही. माणसं किती बसणार, मुक्काम कुठं, पाण्याची सोय काय, हे आधी विचारतो. समुद्रावरच्या सफरीलाही हाच हिशेब लागू. तो न केल्यानं सुमारे 2,000 शहाण्यासुरत्या माणसांची कशी फजिती झाली, ती हकीकत आज सांगतो.

इंग्लंडात ब्रुनेल नावाचा मोठा कल्पक इंजिनियर होऊन गेला. त्यानं आखलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ ही आगबोट 1858 साली थेम्स नदीत उतरली. लांबी 692 फूट! गुरुजींनी मुलांना घेऊन शाळेपुढच्या रस्त्यावर 211 मीटर मोजून पाहावेत, म्हणजे कल्पना येईल. दोन्ही अंगांना प्रचंड चाकं, मागं पंखा, वर सहा डोलकाठ्या. वाटेत कोळसा न भरता पूर्वेकडं जावं आणि 4,000 उतारू न्यावेत, असा बेत होता.

पण 1860 च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा पैसे भरून बसलेले उतारू अवघे 35 आणि खलाशी 400 च्या वर! न्यूयॉर्कात मात्र झुंबड उडाली. लाखावर लोकांनी पैसे मोजून नुसती बोट पाहिली. मग मालकांनी केप मेपर्यंत दोन दिवसांची सफर काढली. तिकीट 10 डॉलर. एवढ्या मोठ्या बोटीवर जागेला काय तोटा, असं म्हणून लोक चढले. रात्री कळलं की बिछाने आहेत ते काही शेकड्यांपुरतेच! पाण्याची नळी फुटून कोठारातलं अन्नही नासलं. माणसं उघड्यावर आडवी झाली, तर अंगावर धुराड्याची काजळी. बडा घर, पोकळ वासा! पुढच्या सफरीला फारसं कुणी फिरकलं नाही.

बरं, बोट वाईट होती का? नव्हे. तिचं काम निराळं होतं. पुढं तिच्यातल्या काही खोल्या आणि दिवाणखाने मोडून तिथं तारेच्या टाक्या बसवल्या. 1866 साली तिनं अटलांटिकच्या तळाशी तार टाकली. 1870 साली हीच बोट आपल्या मुंबईला आली आणि 14 फेब्रुवारीला एडनकडं तार टाकत निघाली. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्रातल्या तारेनं जोडली गेली.

2024 साली निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट 7,000 हून अधिक उतारू नेऊ शकते. अशा बोटीवर जायचा योग आला, तर तिची लांबी मागाहून विचारा. आधी विचारा: माझी खोली कुठली? जेवण तिकिटात धरलंय का? बंदरात उतरायला वेळ किती? आणि अडीअडचणीला माझ्या वाट्याची जीवरक्षक होडी कुठली? केप मेला निघालेल्यांनी आपला बिछाना कुठं आहे एवढं जरी विचारलं असतं, तरी ती रात्र काजळीत गेली नसती.