लकव्याचे भाकीत

आमच्या घरात ‘लकवा’ हा शब्द हळू आवाजातच उच्चारला जायचा. दादीला झाला होता, दादीच्या भावाला झाला होता. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात अब्बांना झाला. आमचे गाव मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर. अम्मी फजरला उठवायला गेली तर अब्बांचे तोंड एका बाजूला ओढलेले आणि उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता. जीप मिळवून, पौड-पिरंगुट करत पुण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत तरतरी यावी म्हणून आम्ही त्यांना चमच्याने चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट हातात आला. ‘सीआरपी’ या नावापुढे चांदणी होती आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी पट. छोट्या चाचांनी मोबाइलवर वाचले की लकव्यानंतर हा आकडा चढलेला असेल तर पेशंट सहसा सावरत नाही. ते अम्मीला म्हणाले, “भाभी, गुंठे विकून काय होणार? घरी नेऊ या. आपल्या माणसांत राहतील.” चाचा कंजूष नाहीत. बोलताना त्यांचा गळा दाटला होता. पण आमच्याकडे आजार मोठा झाला की गुंठेच विकले जातात, आणि फार्महाऊसवाले घ्यायला तयारच बसलेले असतात.

रक्तातला एक आकडा माणसाचे पुढचे आयुष्य सांगू शकतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचा माग काढत गेलो तो थेट बगदादपर्यंत.

लकवा हा शब्दच अरबी आहे. अरबी वैद्यकात ‘लक्वा’ म्हणजे फक्त चेहरा वाकडा होणे. अर्धे अंग गेले तर तो ‘फालिज’, आणि शुद्ध व हालचाल दोन्ही एकदम गेली तर ‘सकता’. इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये या अवस्था वेगवेगळ्या मांडल्या आहेत. आपल्या बोलीत मात्र सगळ्यांचा मिळून एकच लकवा झाला आणि तो अर्धांगवायू, पक्षाघात यांच्या शेजारी नांदू लागला. इब्न सीनाच्याही आधी, नवव्या-दहाव्या शतकात, रय आणि बगदादच्या रुग्णालयांत काम केलेल्या अबू बक्र राझीने दोन प्रकारचे वाकडे तोंड वेगळे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. एक नुसते चेहऱ्याचे, दुसरे मेंदू बिघडल्याने आलेले. पहिल्यातला माणूस बहुधा बरा होतो, दुसऱ्यातल्याची काळजी करावी लागते. म्हणजे निदान हेच भाकीतही होते.

राझीचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. त्याने नेमके काय केले, हे वाचायला फारसे कोणी जात नाही. सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहात, रक्त काढल्याने गुण येतो का, हे पाहण्यासाठी त्याने रुग्णांच्या एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही. रक्त काढण्याचा फायदा होतो असे त्याला वाटले, ते आज कोणी मानणार नाही. पण एका रुग्णावरून ठरवायचे नाही, गट करून ताडून पाहायचे, ही रीत मला त्याच्या उत्तरापेक्षा मोठी वाटते.

झटका आलेला माणूस उठेल की नाही, हे त्या काळी श्वासावरून ठरवत. श्वास जितका ओढून, अडखळत, तितका झटका जबर. ही कसोटी ग्रीकांची, अरबी ग्रंथांनी ती सांभाळली. पुढे १६५८ मध्ये योहान वेप्फर या स्विस डॉक्टराने, अशा रोग्यांची शवविच्छेदने करून, मेंदूत रक्तस्राव झालेला असतो हे दाखवले. पण जिवंत माणसाच्या कवटीत काय चालले आहे हे १९७१ साली लंडनजवळ पहिला सीटी स्कॅन होईपर्यंत नीट दिसत नव्हते.

रक्ताला प्रश्न विचारण्याची सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधी झाली. १८९७ मध्ये वॉर्सॉच्या बिएर्नाट्स्कीने आजारी माणसाच्या तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते मोजले. आपल्या लॅबमधली ‘ईएसआर’ ती हीच. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला तो धरून बसायचा, म्हणून त्याला सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन म्हणू लागले. चाचांचा तो सीआरपी मुळात न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये सापडलेला!

मेंदूची स्वतःची खूणही याच काळात हाती आली. १९६५ मध्ये ब्लेक मूर यांनी मेंदूतून एक प्रथिन वेगळे केले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून त्याचे नाव एस-१००. मेंदूच्या पेशी मरू लागल्या की त्याचा एक प्रकार रक्तात उतरतो. जितका भाग मेला तितका तो जास्त, असा साधा हिशोब. पण हे प्रथिन चरबीतही असते आणि त्वचेच्या काही पेशींतही. १९९९ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी दाखवले की झटक्यानंतर सीआरपी चढलेला असलेल्यांत पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त होतात. त्यानंतर अशा खुणांचा शोध जगभर सुरू झाला.

त्यात महाराष्ट्रही होता. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये हातिम दगिनावाला, राजपाल कश्यप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आलेल्या रुग्णांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले. २००९ मध्ये त्यांनी ‘आयटीआयएच-४’ या प्रथिनाबद्दल लिहिले. निरोगी माणसात ते दिसते, झटक्यानंतर घटते, आणि रुग्ण सुधारू लागला की परतते. मला यातले ‘परतते’ फार महत्त्वाचे वाटते. चाचांनी पाहिला तो एका दिवसाचा आकडा होता. नागपूरवाले तेच रक्त दिवसामागून दिवस पाहत होते.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने कोपेप्टिन नावाच्या ताणाच्या खुणेवरून तीन महिन्यांनंतरची अवस्था सांगता येते असे मांडले. आणि त्याच वर्षी एडिंबराच्या डॉक्टरांनी तोवरचे असे सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. रोजच्या कामात एखादी खूण वापरावी इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. कारण सोपे आहे. रुग्णाचे वय आणि झटक्याचा जोर, या दोन गोष्टी खाटेजवळ उभे राहूनच कळतात आणि बरेचसे भाकीत त्यांच्यातच येते. रक्ताने त्यांच्यापेक्षा जास्त काही सांगितले तर त्याची किंमत. कोपेप्टिनवाल्यांनी पुढे वय आणि झटक्याचा जोर यांना धरूनच आपली मोजपट्टी बनवली, ती त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र वाचून मी सुन्न झालो. २००१ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांची कागदपत्रे तपासली. कोण मरेल हे ठरवण्यात सर्वांत वजन कशाचे निघाले? उपचार थांबवण्याच्या निर्णयाचे. ‘हा वाचणार नाही’ म्हणून यंत्रे काढली, रुग्ण गेला, आणि वाचत नाहीत अशांच्या यादीत आणखी एक नोंद पडली. तिकडे हे डॉक्टर आणि नातेवाईक मिळून ठरवतात. इकडे आमच्या तालुक्यात गुंठ्याचा भाव आणि घरातला मोठा माणूस मिळून ठरवतात.

चाचांना कोणी सांगितला असता तर उपयोगी पडला असता असा आकडाही होता. मुंबईत डॉ. दलाल यांच्या गटाने २००५-०६ मध्ये घरोघरची नोंद ठेवली. पहिलाच झटका आलेल्या ४५६ रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांत दगावले. म्हणजे सत्तर टक्के महिना ओलांडून गेले.

अब्बांचा सीआरपी का चढला होता, ते एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चौथ्या दिवशी छातीचा एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितले. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. झटक्याने गिळण्याची ताकद गेलेली असते, तोंडात घातलेले श्वासनलिकेत उतरते. “वाटेत काही पाजलं होतं का?” त्यांनी विचारले. अम्मीने माझ्याकडे पाहिले. चमचा माझ्या हातात होता.

अँटिबायोटिक दिले, नाकातून नळी घातली, सहाव्या दिवसापासून आकडा उतरू लागला. दोन गुंठे विकले. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन अब्बांना मिळालेच नाही. त्याला साडेचार तासांची मुदत असते, आणि झोपेत झटका नेमका कधी आला हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईला जाते, त्याच्या काठावरून साडेचार तासांत स्कॅनपर्यंत पोचणे पावसाळ्यात आजही सोपे नाही. ते गणित कुठल्या प्रथिनात येत नाही.

अब्बा आता काठी घेऊन मशिदीपर्यंत जातात. उजव्या हाताची बोटे नीट मिटत नाहीत, तसबीह डाव्या हातात धरतात. चाचांनी पेनाने गोल केलेला तो रिपोर्ट अजून फाइलीत आहे.