क्रोमविरहित डिंकछपाई
डिंक, रंगद्रव्य आणि डायक्रोमेट यांचा लेप कागदावर देऊन उन्हात छायाचित्र उमटवण्याची हस्तकला म्हणजे डिंकछपाई. बाभळीचा डिंक खाण्याजोगा. विष आहे ते डायक्रोमेटमधल्या षट्‌संयुजी क्रोमियममध्ये, आणि ते कर्करोगकारक आहे. प्रकाशाने त्याचे सौम्य त्रिसंयुजी रूप होते, हा बचाव अपुरा आहे : प्रकाश न लागलेल्या भागातला क्षार धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो, तिथे हातमोजे काय कामाचे? डायक्रोमेटऐवजी सायनोटाइपमधले फेरिक अमोनियम सायट्रेट वापरून, सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने लेप टणक करता येतो. जिलेटिनच्या कार्बनछपाईत ‘डास’ हे डायअझाइड संयुग चालते. या पर्यायांनी छटा साधायला नव्याने चाचण्या कराव्या लागतात, हा आक्षेप मात्र खरा. तरीही शाळेच्या वर्गात डायक्रोमेट नकोच.