नाव बदललेलं प्रवाळ

कोडमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव बदलताना माझ्या पोटात गोळा येतो. जुनं नाव कुठेकुठे वापरलंय, कोण जाणे!

खोल, थंड, अंधाऱ्या समुद्रात भिंती उभारणाऱ्या एका दगडी प्रवाळाला लिनियसने १७५८ मध्ये 'मॅड्रेपोरा पर्टुसा' म्हटलं. पुढे ते 'लोफेलिया' झालं. २०१६ मध्ये जनुकांनी दाखवलं, की एकेकटं वाढणारं 'डेस्मोफायलम' हे त्याचं सख्खं नातलग आहे. दोघांचा वंश एकच धरायचा, तर नाव कुठलं? नियम साधा: जे आधीचं, ते टिकतं. डेस्मोफायलम १८३४ चं, लोफेलिया १८४९ चं. म्हणून आता 'डेस्मोफायलम पर्टुसम'.

पण जुने नकाशे, संरक्षणाचे कागद अजून लोफेलियाच म्हणतात. ही दोन नावं एकमेकांना जोडून ठेवली नाहीत, तर ट्रॉलरच्या जाळ्यापुढे ते प्रवाळ निनावीच.