डिसक्लोज: कुलूप उघडणारा शब्द

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी एका करारावर सही केली. नॉन-डिसक्लोजर अॅग्रीमेंट. सगळे करतात तशी, न वाचता. दोन वर्षांनी आमच्याच अॅपमध्ये मला एक बग सापडला. लिंकमधला एक आकडा बदलला की दुसऱ्याच ग्राहकाचा फोन नंबर आणि पत्ता समोर यायचा. मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "फिक्स करू. बाहेर बोलू नकोस, सही केलीयेस ना?"

त्या रात्री मी 'डिसक्लोज'चं मूळ शोधत बसलो.

लॅटिनमध्ये 'क्लाउदेरे' म्हणजे बंद करणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'क्लोर' झालं आणि उलटा अर्थ देणारा 'देस' लागून 'देसक्लोर': बंद असलेलं उघडणं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला. क्लोज, इन्क्लूड, अगदी करारातला 'क्लॉज'सुद्धा याच घराण्यातले. अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यालाही पूर्वी डिसक्लोज म्हणत. 'हॅम्लेट'मध्ये कबुतराच्या पिल्लांसाठी तो तसाच वापरलाय. मराठीत नाही का, कुलूप उघडतं आणि गुपितही उघड होतं!

या शब्दावरून खरा वाद पेटला तोही कुलपांमुळेच. १८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामाचं. ते पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत कित्येक दशकं आव्हान देत होतं: उघडून दाखवा, २०० गिनी घ्या. हॉब्जला त्यासाठी पन्नासेक तास लागले, पण उघडलं. लोक चिडले. कुलपातले दोष असे जाहीर केले तर चोरांचं फावणार नाही का? हॉब्जच्या बाजूचं उत्तर १८५३च्या एका पुस्तकात आलं. त्याचा मथितार्थ असा: चोरांना ते आधीच ठाऊक असतं, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा.

आज सॉफ्टवेअरमध्ये याच विचारातून नियम बनलेत. गुगलची प्रोजेक्ट झीरो ही टीम बग कळवल्यावर कंपनीला दुरुस्तीसाठी साधारण ९० दिवस देते. त्यानंतरही तो तसाच राहिला, तर माहिती जाहीर करते.

आमचा बग तीन महिन्यांनी फिक्स झाला. ग्राहकांना कुणीच काही सांगितलं नाही. मीही नाही. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं.

गेल्या वर्षी नोकरी बदलली. पुन्हा तोच करार समोर आला. या वेळी प्रत्येक क्लॉज वाचला आणि सही करण्याआधी विचारलं, "ग्राहकांचा डेटा उघडा पडला, तर त्यांना कोण सांगणार?"

एचआरवाली थोडं थांबून म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."