क्लास रीलोडिंग (जावा)

जावात लिहिलेले वेब अ‍ॅप्लिकेशन चालू असताना त्यातले बदललेले क्लास, सर्व्हर बंद न करता, वापरात आणण्याची सोय. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी सर्व्हर पुन्हा उठेपर्यंत ताटकळणाऱ्या प्रोग्रामरला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

अडचण जावाच्या रचनेतच आहे. क्लासची ओळख त्याचे पूर्ण नाव आणि तो घडवणारा क्लासलोडर या दोहोंवर ठरते. एका लोडरला एकच नाव दोनदा घडवता येत नाही, आणि एकटा क्लास स्मृतीतून काढताही येत नाही. त्यामुळे सर्व्हर सरळ लोडरच बदलतो.

अपाची टॉमकॅट हा सर्व्हर प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र लोडर देतो. त्याच्या मांडणीत, म्हणजे कॉन्टेक्स्टमध्ये, ‘रीलोडेबल’ चालू केले की पार्श्वभूमीतला एक थ्रेड, मूळ मांडणीत दर 10 सेकंदांनी, क्लास आणि जार फाइली बदलल्या का ते पाहतो. बदल दिसताच अ‍ॅप्लिकेशन थांबते आणि नव्या लोडरसह सुरू होते. जेएसपीचे काम याहून सोपे: तिथे प्रत्येक पानाला आपला लोडर असतो, म्हणून एक पान बदलले तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

खरी डोकेदुखी जुन्या लोडरची. त्याच्याकडे बोट दाखवणारा एक जरी संदर्भ उरला, तरी गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही आणि त्याचे सगळे क्लास स्मृतीत अडकून पडतात. न थांबवलेला थ्रेड, न पुसलेला थ्रेडलोकल, नोंद तशीच राहिलेला जेडीबीसी ड्रायव्हर ही नेहमीची कारणे. असे काही रीलोड झाले की पर्मजेन, म्हणजे क्लास ठेवण्याची स्मृतीतली जागा, भरल्याची चूक दाखवून सर्व्हर कोसळे. 2014 साली आलेल्या जावा 8 मध्ये पर्मजेन जाऊन मेटास्पेस आले, पण गळती त्याने थांबली नाही. फक्त ती उशिरा लक्षात येऊ लागली. दुसरा त्रास जुन्या-नव्याच्या सरमिसळीचा: जुन्या लोडरचा ऑब्जेक्ट नव्या क्लासच्या हाती आला, की नाव तेच असूनही क्लासकास्ट एक्सेप्शन येते.

लोडर न बदलता काम भागवणारा मार्ग म्हणजे जावा 1.4 पासूनचे हॉटस्वॅप. डीबगर जोडलेला असताना ते मेथडच्या आतला मजकूर बदलते. नवी मेथड किंवा फील्ड घालू देत नाही. ही उणीव एस्टोनियातील झीरोटर्नअराउंड कंपनीच्या जेरिबेलने आणि ऑस्ट्रियातील लिंत्स विद्यापीठात थोमास व्युर्थिंगर यांच्या संशोधनातून आलेल्या डीसीईव्हीएमने बरीचशी भरून काढली. स्प्रिंग बूटच्या डेव्हटूल्सची युक्ती साधी, पण कामाची: सहसा न बदलणाऱ्या जार एका लोडरकडे आणि प्रोग्रामरचा कोड दुसऱ्याकडे. फेकायचा तो दुसराच.

ग्राहकांच्या सेवेत असलेल्या सर्व्हरवर ‘रीलोडेबल’ चालू ठेवू नये, असा टॉमकॅटच्या दस्तऐवजांचा सल्ला आहे, आणि तो पाळण्याजोगा आहे. तिथे टॉमकॅट 7 पासून मिळणारे समांतर डिप्लॉयमेंट वापरावे: जुनी सत्रे जुन्या आवृत्तीवर संपतात, नव्या सत्रांच्या विनंत्या नव्या आवृत्तीकडे जातात.