क्लब नेमका कुणाचा? डिचोली, शापेको आणि आपलं शिरूर

५ डिसेंबर २००४. बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम. फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोच्या ब्राझिलियन स्ट्रायकरनं, क्रिस्टियानो ज्युनियरनं, दुसरा गोल मारला आणि त्याच क्षणी त्याची गोलकीपरशी धडक झाली. तो मैदानात कोसळला, तो परत उठलाच नाही. वय फक्त २५. सामना धेंपोनं २-० नं जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. क्लबनं त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आणि त्याच हंगामात धेंपो राष्ट्रीय लीगचा विजेता झाला.

तुम्ही म्हणाल, शिरूर अनंतपाळच्या माणसाला गोव्याच्या क्लबचं काय पडलंय? आपल्याकडं फुटबॉल म्हणजे चार वर्षांतून एकदा वर्ल्डकप आणि महिनाभर ब्राझील-अर्जेंटिनाचे स्टेटस. पण या क्लबचा इतिहास वाचत गेलो तेव्हा वाटलं, ही गोष्ट फुटबॉलपुरती नाही. लहान गावातलं एखादं मंडळ टिकतं कशावर, हा खरा प्रश्न आहे. तो आपलाही आहे.

गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्यानं, १८८३ मध्ये, शिवोलीत. राज्य पोर्तुगीजांचं, खेळ मात्र इंग्रजांचा! तिथून तो शाळांत गेला, मग गावोगाव. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि खाणमालकांनी क्लब पोसायला सुरुवात केली. साळगावकर क्लब तर १९५६ चाच. १९६८ च्या सुमारास डिचोलीतला एक क्लब धेंपो समूहानं हातात घेतला. डिचोली म्हणजे खाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. मराठी वाचणारा, नाटकं करणारा भाग. धेंपो म्हणजे खाणीवाले, जहाजवाले आणि ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक चालवणारेही तेच.

या क्लबनं पुढं जे केलं ते कोलकात्याच्या मातब्बरांनाही जड गेलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, मैदानात महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा अशी घरची पोरं, जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२, पाच वेळा देशाचं विजेतेपद. २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक. लातूर जिल्ह्यापेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्यातला क्लब, बघा.

मग चक्र फिरलं. धेंपोंनी २००९ मध्ये खाण व्यवसाय सेसा गोवाला विकला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणीच बंद पडल्या. २०१४ ला आयएसएल आली. एफसी गोवा नावाचा नवा संघ उभा राहिला. मालकांत धेंपो, साळगावकर आणि आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. पाठोपाठ विराट कोहली. झगमगाट आला, टीव्ही आला, जुने क्लब अंधारात गेले. २०१६ मध्ये महासंघानं आयएसएललाच पहिल्या दर्जाची लीग करायचा आराखडा पुढं आणला. कितीही जिंकलं तरी वर जायचा रस्ताच नसेल तर खेळायचं कशाला, म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो तर त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत जिंकून वर आला होता!

मालकांचा राग रास्त होता, मला पटतो. पण निर्णय एका खोलीत झाला. डिचोलीच्या, पणजीच्या प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, क्लब त्यांचा नव्हता.

आता त्याच २०१६ ची दुसरी गोष्ट. ब्राझीलमध्ये शापेको नावाचं शहर आहे, लातूर शहराहून लहान. तिथला शापेकोएन्से क्लब १९७३ चा. २८ नोव्हेंबरला फायनल खेळायला निघालेलं त्यांचं विमान कोलंबियात कोसळलं. ७१ माणसं गेली, त्यात १९ खेळाडू. अख्खी टीम संपली म्हणायची. ज्यांच्याशी फायनल होती त्या क्लबनंच सांगितलं, कप यांना द्या. आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, नव्या पोरांना घेऊन शापेकोएन्सेनं आपल्या राज्याचं विजेतेपद मिळवलं. कारण टीम गेली तरी गाव जाग्यावर होतं.

इतक्या लांब जायचं नसेल तर कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि हेच फुटबॉल संघ. पेठेतली माणसं वर्गणी काढतात, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. भांडणंही होतात, खोटं कशाला बोलू. पण कुणा एकाच्या मनात आलं म्हणून तालीम बंद होत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. आणि आपल्या शेजारच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा, १९६९ चे महाराष्ट्र केसरी, तेही घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतच. अंगात रग आपल्या मातीची, पण ती घडवायला तालीम दुसऱ्या गावची लागली. हे जरा लागायला पाहिजे आपल्याला.

आपल्याकडं काय होतं? निवडणूक जवळ आली की कुणाच्या तरी नावाचा चषक निघतो. टेनिस बॉल, मंडप, डीजे, पाहुण्यांचे सत्कार, रोख बक्षीस. निकाल लागला की चषक गायब, टीम गायब. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मात्र पहाटे अंधारात रोडच्या कडेनं पळतात, बाजूनं ट्रक जातात. त्यांच्यासाठी कुणाचा चषक नाही.

मला नेत्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. देणारा देतो तेव्हा घ्यावं. धेंपोंनी दिलं म्हणूनच ते वैभव उभं राहिलं, हेही खरं. शिवाय मोठ्या लीगमधून बाहेर पडल्यावरही त्यांनी पोरांच्या अकादमीचं काम सोडलं नाही, म्हणून तर २०२४ मध्ये क्लब परत आय-लीगमध्ये आला. खाली मुळं होती, म्हणून फांदी परत फुटली.

आपण मुळांपासूनच सुरुवात करू. गावाच्या नावाचं एक नोंदणीकृत मंडळ, माणसाच्या नावाचं नको. महिन्याला जमेल तेवढी वर्गणी. हिशोब दर महिन्याला फलकावर. चौदा वर्षांखालच्या पोरा-पोरींसाठी संध्याकाळचा एक तास. खेळ कुठलाही असू द्या, कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल. आणि मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते एकदा तलाठ्याकडं जाऊन बघून या. मैदान गेलं तर बाकी सगळं बोलणं वाया.

तालुक्यात पूर्वी कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे चांगले संघ होते असं जुनी माणसं सांगतात. तुमच्या गावात असा संघ होता का? त्याचं नाव काय, तो कधी आणि का बंद पडला? आठवत असेल तर खाली लिहा. घरात जुना फोटो असेल तर टाका. आपला इतिहास आपणच लिहायचा आहे, बाहेरून कुणी येणार नाही.